वाटणी केली तर ती पाळा

न्यूयॉर्क : अमेरिकेत खेळाची वाटणी करून त्याची गोडी वाढवण्याची रीत जुनी आहे. बेसबॉलच्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमधले संघ 1997 पर्यंत हंगामी सामन्यांत एकमेकांशी खेळतच नसत. दोन्हींचे विजेते थेट ‘वर्ल्ड सिरीज’मध्ये भिडत, आणि त्या सिरीजचा दबदबा बराचसा या दुराव्यातून आलेला होता. डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती कंपनीने 2002 मध्ये आपल्या मल्लांची ‘रॉ’ आणि ‘स्मॅकडाउन’ या दोन टीव्ही कार्यक्रमांत वाटणी केली. आदल्या वर्षी प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतल्यामुळे मल्ल झाले होते उदंड आणि पडद्यावर जागा अपुरी. इथल्या या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो. म्हणूनच कोण कोणाला कधी भेटणार यावरच प्रेक्षकाची सगळी उत्कंठा उभी असते.

वाटणी पाळली तेव्हा नवे मल्ल वर आले. स्मॅकडाउनवर एडी गरेरो, रे मिस्टेरिओ, एज यांना महत्त्वाच्या लढती मिळत गेल्या आणि फेब्रुवारी 2004 मध्ये गरेरोने ब्रॉक लेस्नरला हरवून विजेतेपदाचा पट्टा घेतला. आपला खली 2007 मध्ये विश्वविजेता झाला, तोही स्मॅकडाउनवर. तेव्हा रॉचा पट्टा जॉन सीनाकडे होता. एकच पट्टा असता तर खलीचा नंबर लागणे कठीणच होते.

यावर आक्षेप असा की तिकिटे आणि प्रेक्षक बडे तारेच खेचतात, त्यांना एका कार्यक्रमात का अडकवायचे? मे 2019 मध्ये याच विचाराने ‘वाइल्ड कार्ड’ नियम आला. तीन मल्लांना पलीकडे जाण्याची मुभा जाहीर झाली, ती त्याच रात्री चारांवर गेली, आणि पुढे वाटणीला अर्थच उरला नाही. तारा दोन्हीकडे दिसू लागला की त्या आठवड्याची सोय होते, पण उद्याच्या ताऱ्याची जागा जाते. दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे : वाटणीमुळे कार्यक्रमांची गर्दी होते. डिसेंबर 2016 मध्ये 4 तारखेला स्मॅकडाउनचा आणि 18 तारखेला रॉचा मोठा कार्यक्रम झाला. दोन आठवड्यांत वैर रंगणार तरी कसे? पण हा दोष वेळापत्रकाचा आहे. मोठे कार्यक्रम दोन्ही ब्रँडचे मिळून आणि मोजकेच घ्यावेत, ड्राफ्ट, म्हणजे मल्लांची नव्याने वाटणी, वर्षातून एकदाच, रेसलमेनिया या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमानंतर व्हावा, आणि तिथून रॉयल रम्बल या पुढच्या मोठ्या कार्यक्रमापर्यंत कोणीही पलीकडे जाऊ नये, सर्वांत मोठा तारासुद्धा.