अनाथालयांतील अल्पकालीन स्वयंसेवा व बालकांचे भावबंध : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
परदेशातील अनाथालयात दोन-चार आठवडे राहून लहान मुलांना खेळवणे, भरवणे व शिकवणे ही सेवेची पद्धत पाश्चात्त्य देशांतील युवकांमध्ये गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. नेपाळ, कंबोडिया यांसारख्या देशांकडे हा ओघ विशेष आहे. आपल्याकडील महाविद्यालयीन विद्यार्थीही वाढदिवस, सण अथवा शिबिराच्या निमित्ताने बालगृहांना भेटी देतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ परदेशापुरता मर्यादित राहत नाही. अशा सेवेचा बालकांवर काय परिणाम होतो आणि तिचे योग्य स्वरूप कोणते असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भावबंधाचे स्वरूप :
बालकाच्या मानसिक आरोग्यासाठी एका स्थिर व्यक्तीचा जिव्हाळ्याचा सहवास आवश्यक असतो, हे जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या १९५१ च्या अहवालात मांडले. जेम्स व जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रपटात जॉन नावाचा सतरा महिन्यांचा मुलगा नऊ दिवस निवासी शिशुगृहात राहतो. तेथील परिचारिका प्रेमळ आहेत. परंतु पाळीनुसार त्या बदलत राहतात. जॉन प्रत्येकीजवळ जाण्याचा प्रयत्न करतो, पुढे रडतो आणि अखेरीस स्वतःला मिटून घेतो. घरी परतल्यावर तो आईलाही सहजासहजी स्वीकारत नाही.

रुमानियात २००० मध्ये सुरू झालेल्या बुखारेस्ट प्रकल्पात संस्थांतील १३६ बालकांचा अभ्यास झाला. त्यांपैकी काहींना संगोपनकर्त्या कुटुंबांत ठेवण्यात आले. जी बालके साधारणतः वयाच्या दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली, त्यांची भावनिक व बौद्धिक प्रगती अधिक चांगली आढळली. दर पंधरवड्याला बदलणारा स्वयंसेवक जॉनच्या अनुभवाची पुनरावृत्तीच घडवून आणतो. अनोळखी पाहुण्याला लगेच बिलगणारे मूल पाहून स्वयंसेवक सुखावतो. परंतु ते वर्तन अनेकदा स्थिर भावबंधाच्या अभावाचे लक्षण असते.

अनाथालयातील मूल अनाथच असते काय? :
युनिसेफच्या सहकार्याने कंबोडियात झालेल्या २०११ च्या अभ्यासात, संस्थांतील बहुसंख्य मुलांचे आई-वडिलांपैकी किमान एक पालक हयात असल्याचे दिसून आले. परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांमुळे संस्थांची संख्या वाढते आणि ती टिकवण्यासाठी गरीब कुटुंबांतील मुले आणली जातात, असे हे दुष्टचक्र आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविषयक कायद्याच्या निमित्ताने या व्यापाराची दखल घेतली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या बालहक्कविषयक ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेमुळे होणाऱ्या हानीचा उल्लेख केला.

केडगावचे उदाहरण :
परदेशी सेवाकार्य महाराष्ट्राला नवीन नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनेक निराधार मुली व स्त्रियांना आणून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रय दिला. अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स १८८७ मध्ये भारतात आल्या होत्या. त्या १८९८ मध्ये रमाबाईंच्या कार्यात सहभागी झाल्या आणि अनेक वर्षे तेथे राहिल्या. मिशनरी कार्याच्या हेतूंबद्दल मतभेद असू शकतात. तथापि दीर्घ वास्तव्य आणि स्थानिक नेतृत्वाखालील काम ही त्यांच्या सेवेची वैशिष्ट्ये आजच्या अल्पकालीन स्वयंसेवेत सहसा आढळत नाहीत.

नंदुरबारचा संदर्भ :
१ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. धडगाव, अक्कलकुवा या तालुक्यांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरात व पश्चिम महाराष्ट्रात स्थलांतर करतात. मागे राहिलेले मूल आजी-आजोबांकडे अथवा वसतिगृहात राहते. ते अनाथ नसते. हंगामापुरते पालकांपासून दुरावलेले असते. त्यास ‘अनाथ’ म्हणणे म्हणजे त्याच्या आई-वडिलांचे कष्ट नाकारणे होय.

बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार संस्थेत दाखल करणे हा अंतिम पर्याय आहे. अधिनियमाच्या कक्षेत येणाऱ्या बालकांची ओळख उघड करण्यास कलम ७४ प्रतिबंध करते. बालगृहातील मुलांसोबतची छायाचित्रे प्रसिद्ध करणाऱ्या पथकांनी याची विशेष नोंद घ्यावी. राज्याची बालसंगोपन योजना व केंद्राची मिशन वात्सल्य या योजनांतून बालकाला कुटुंबातच राहता यावे यासाठी साहाय्य मिळते.

समारोप :
राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिर सात दिवसांचे असते. एवढ्या अवधीत तान्ह्या मुलांशी जवळीक साधून निघून जाण्यापेक्षा संस्थेतील कायम काळजीवाहकांचा भार हलका करणे, इमारतीची दुरुस्ती करणे, तसेच पात्र कुटुंबांना योजनांचे अर्ज भरून देणे अधिक उपयुक्त ठरेल. मोठ्या मुलांना शिकवायचे असल्यास वर्षभर ठरलेल्या दिवशी त्याच विद्यार्थ्यांनी जावे. शिबिराचे नियोजन कार्यक्रम अधिकारी या नात्याने प्राध्यापकांच्या हाती असल्याने, आपले विद्यार्थी निघून गेल्यावर त्या मुलांजवळ कोण असेल, हा प्रश्न त्यांनी आधीच विचारणे आवश्यक आहे.