ओंडक्याच्या फळ्या पाडायच्या, तर चेनसॉ कोणती घ्याल?

बांधावरचा आंबा वळवाच्या वाऱ्यात आडवा झाला, की व्यापारी तो जळणाच्या भावाने मागतो. त्याच ओंडक्यातून गव्हाणीला, माळ्याला, न्हाणीच्या दाराला पुरतील इतक्या फळ्या निघू शकतात. म्हणून हल्ली पुष्कळजण साखळीची करवत, म्हणजे चेनसॉ, घेण्याचा विचार करतात. पैसे मोजण्यापूर्वी चार गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली गोष्ट इंजिनाची. फांद्या छाटायला ३५ ते ४५ सी.सी.चे यंत्र पुरते. ओंडका उभा चिरताना मात्र यंत्र मिनिटेच्या मिनिटे पूर्ण जोरात चालते. लहान इंजिन तापून निकामी होते. फूट-दीड फूट जाडीच्या ओंडक्याला निदान ६० सी.सी., त्याहून जाड असेल तर ७० ते ९० सी.सी. हवे. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोकचे तेल कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानेच घाला.

दुसरी गोष्ट पात्याची. फळी सारख्या जाडीची निघावी म्हणून पात्याला लोखंडी चौकट लावतात. ती तीन-चार इंच पाते अडवते. म्हणजे २४ इंची पात्याने सुमारे २० इंचाचाच ओंडका चिरता येतो.

तिसरी साखळीची. नेहमीच्या साखळीचे दात आडव्या कापासाठी साधारण ३० अंशांत घासलेले असतात. उभ्या कापाला १० अंशांची साखळी घ्या. फळी गुळगुळीत येते. बांधावरच्या झाडात जुने खिळे, तारा असतात. त्या आधी काढा, नाहीतर धार क्षणात जाते.

चौथी हिशेबाची. ही साखळी प्रत्येक कापाला पाव इंचाहून थोडे अधिक लाकूड खाते. इंची फळ्या काढल्या, तर दर चार फळ्यांमागे एका फळीचा भुसा होतो. गिरणीतल्या पट्टीच्या करवतीत नासाडी पुष्कळ कमी. तेव्हा एक-दोन झाडांसाठी यंत्र घेऊ नका. ओंडके गिरणीत न्या. वाट नसलेल्या रानात, जिथून ओंडका हलतच नाही, तिथे चेनसॉ कामाची.

साग, आंबा, फणस अशा झाडांना महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड कायदा लागू आहे. तोडण्यापूर्वी आणि माल हलवण्यापूर्वी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा.

फळ्या ओल्या वापरू नका. सावलीत, मध्ये इंचभर पट्ट्या घालून रचा. इंची फळीला वाळायला साधारण वर्ष लागते.

आणि शेवटचे. पात्याचे टोक लाकडात अडले, की यंत्र अंगावर उसळते. साखळीचा ब्रेक असलेलेच यंत्र घ्या. धोतर, लुंगी, चपला घालून ते हाती धरू नका. जाड बूट, चष्मा, कानाला बोळे हवेतच. खरेदीच्या पैशांत हाही खर्च आधी धरा. मुलांना लांब ठेवा, पण हाकेच्या अंतरावर घरचे एक मोठे माणूस असू द्या.