ग्रिओ, भाट आणि शाहीर : सेम्बेन यांच्या लघुपटांच्या निमित्ताने

सेनेगलचे कादंबरीकार उस्मान सेम्बेन (१९२३–२००७) यांचे ‘बोरोम सारेत’ (१९६३), ‘न्याये’ (१९६४) आणि ‘ताव’ (१९७०) हे तीन लघुपट एका संध्याकाळी सलग पाहता येतात. तिन्ही मिळून दीड तासाच्या आत संपतात. मराठीच्या अभ्यासकाने ते पाहावेत, याचे कारण वाङ्मयीन आहे. मार्सेय बंदरातील या हमालाने १९५६ पासून फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहिल्या. परंतु ज्यांच्याविषयी लिहिले त्या बहुसंख्यांना फ्रेंच वाचता येत नाही, ही जाणीव झाल्यावर १९६२ मध्ये चित्रपटविद्येसाठी त्यांनी मॉस्को गाठले.

अशा वेळी अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) आठवणे स्वाभाविक होय. नाममात्र शालेय शिक्षण, मुंबईतील गिरणीकाम, १९४४ चे लालबावटा कलापथक, १९६१ चा रशियाप्रवास ही साम्ये उघड आहेत. त्यांवर थांबण्यात फारसा अर्थ नाही. विचार करायला हवा तो परंपरेशी असलेल्या नात्याचा. पश्चिम आफ्रिकेतील वंशावळी आणि पराक्रम गाणारा ग्रिओ म्हणजे आपला शाहीर, असे समीकरण वर्गात सहज मांडले जाते. ‘बोरोम सारेत’ ते मान्य करू देत नाही.

डाकारमधील एका घोडागाडीवाल्याचा हा एक दिवस. सकाळच्या उतारूंकडून त्याला पैसे मिळत नाहीत. पुढे कमाई हाती येते, तोच एक ग्रिओ त्याच्या पूर्वजांची थोरवी गाऊ लागतो आणि भारावलेला गाडीवाला सगळी कमाई त्याला देऊन टाकतो. हा ग्रिओ शाहीर नव्हे, भाट आहे. नंतर एक सुखवस्तू गिऱ्हाईक त्याला ‘प्लातो’ या उच्चभ्रू वस्तीत नेते. तेथे घोडागाडीला मज्जाव असतो. पोलीस गाडी जप्त करतो, त्याचे पदक बुटाखाली दाबतो. गिऱ्हाईक पैसे न देताच निघून जाते. मुंबईच्या उत्तर वेशीवरील काशीगावच्या प्रेक्षकाला ही सीमारेषा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. माहीम-शीव ओलांडून रिक्षाला मुंबई बेटात जाता येत नाही, हे तेथील रिक्षाचालक जाणतो.

म्हणजे सेम्बेन मौखिक परंपरेचा वारसा सांगतात आणि तिची झडतीही घेतात. स्वतःच्याच कथेवरील ‘न्याये’मध्ये निवेदन ग्रिओकडे आहे, मात्र तो गावप्रमुखाच्या घरातील अगम्यगमन आणि त्यावर पांघरूण घालणारे गाव यांची कथा सांगतो. येथे भाटाचा साक्षीदार होतो. अण्णाभाऊंनी तमाशाच्या बाबतीत केले ते याच जातीचे. गणातील गणेशवंदनेच्या जागी त्यांनी मातृभूमी आणि हुतात्मे यांना वंदन केले, गौळण गाळली आणि बतावणीची धार राखली. लोकनाट्य हे नुसते नामांतर नव्हते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

एक विसंगती मात्र नोंदवली पाहिजे. निरक्षरांसाठी चित्रपटाकडे वळलेल्या सेम्बेन यांचा गाडीवाला मनातल्या मनात बोलतो तो फ्रेंचमध्ये. वोलोफ भाषा त्यांच्या पडद्यावर ठामपणे आली ती ‘मांदाबी’ (१९६८) या पूर्ण लांबीच्या चित्रपटात. आणि बंदरात काम शोधणाऱ्या विशीतल्या बेकार तरुणावरचा ‘ताव’ हा लघुपट त्यानंतरचा. अण्णाभाऊंना भाषा बदलावी लागली नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न त्याच भाषेतील प्रमाण आणि बोली यांच्यातील अंतराचा होता.