खव्याच्या मागण्यांची संगणकीय नोंद व परत मालाची व्यवस्था

भूम तालुक्यात जिरायत जमीन फार व पावसाचा भरवसा थोडा. म्हणून दुभते जनावर हा येथील शेतकऱ्याचा दुसरा आधार होय. कुंथलगिरीच्या खव्याने त्या आधारास नाव मिळवून दिले, व 2024 साली त्यास भौगोलिक मानांकनही लाभले. सांप्रत दूरच्या शहरांतील गिऱ्हाईक मोबाईलवरून मागणी नोंदवून माल घरपोच मागते. अशा मागण्या सांभाळण्याकरिता संगणकीय प्रणाली मिळतात. मुंबईच्या फ्रापे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही त्यांपैकीच एक असून ती मुक्त आहे. परंतु प्रणाली आणली म्हणजे काम भागले असे नाही. तिच्यात नियम आपणच भरावयाचे असतात, आणि कापडाचे नियम खव्यास लावल्यास नुकसान ठरलेलेच.

मागणीच्या पायऱ्या.— खरेदीखत झाले तरी फेरफार नोंदून व प्रमाणित होऊन आल्यावाचून सातबारावर अंमल बसत नाही, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. मागणीचेही तसेच समजावे. नोंद, मंजुरी, माल राखीव, बांधणी, रवानगी व पोच या पायऱ्या क्रमाने ठेवाव्या; एकही गाळता येऊ नये. प्रत्येक पायरी पुढे सरकविण्याचा अधिकार नेमक्या माणसास द्यावा. चुकलेली नोंद खोडू नये; ती रद्द करून नवी करावी, म्हणजे मागचा माग राहतो.

शिल्लक.— हाती असलेला माल व विकण्यास मोकळा माल या दोन गोष्टी भिन्न आहेत. भांडारात 40 किलो खवा आहे व 25 किलो राखीव झाला, तर मोकळा 15 किलोच. दुकान व मोबाईल अशा दोन दारांनी विक्री होत असल्यास दोन्हींस हाच आकडा दिसला पाहिजे. नाहीतर एकच माल दोघांस विकला जातो. शिल्लक शून्याखाली जाऊ देण्याची मुभा प्रणालीत असते. ती बंद ठेवावी. म्हशीचे सुमारे पाच लिटर दूध आटते तेव्हा एक किलो खवा उतरतो. रोज 300 लिटर दूध येत असल्यास खवा 60 किलोच्या आसपास होणार. तेव्हा दिवाळीत कितीही मागणी आली तरी दिवसाची मर्यादा त्याहून थोडी कमीच बांधावी.

घाणा व मुदत.— प्रत्येक घाण्यास क्रमांक, तारीख व मुदत द्यावी, आणि ज्याची मुदत आधी संपते तो आधी जावा असा नियम घालावा. ज्या गावी माल मुदतीत पोचत नाही तेथील पिनकोडची मागणी प्रणालीने मुळातच घेऊ नये. गाडी सुटण्याच्या वेळेनंतर आलेली मागणी दुसऱ्या दिवसाच्या घाण्यावर टाकावी.

परत माल.— खरी कसोटी येथे लागते. 2020 च्या ग्राहक संरक्षण ई-वाणिज्य नियमांप्रमाणे माल सदोष, वर्णनाहून वेगळा किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचलेला असल्यास विक्रेत्यास तो परत घेण्याचे वा पैसे फेडण्याचे नाकारता येत नाही. उशीर दैवी आपत्तीने झाला असल्यास मात्र सूट आहे. तक्रारीची पोच 48 तासांत व निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. म्हणून या मुदती प्रणालीतच घालून ठेवाव्या. तथापि नासलेला खवा भूमपर्यंत परत आणण्यात भाड्याखेरीज काही पदरी पडत नाही. गिऱ्हाइकाने छायाचित्र व घाण्याचा क्रमांक पाठवावा, आपण खात्री करून पैसे फेडावे व माल तेथेच नष्ट करावयास सांगावा, हा मार्ग बरा. हिशेबात त्याची क्रेडिट नोट निघाली पाहिजे.

गिऱ्हाईक घरी न सापडल्यामुळे परत आलेला डबा मात्र आपल्या दारी येतो. तो ‘विक्रीयोग्य’ भांडारात कधीही जमा होऊ नये. त्याकरिता ‘परत’ व ‘नाश’ अशी दोन निराळी भांडारे प्रणालीत उघडावी. बाहेर किती वेळ व कशा उष्णतेत राहिला हे ज्याचे कळत नाही, तो खवा पुन्हा विकणे म्हणजे एका डब्याच्या लोभाने साऱ्या गावाचे नाव घालविणे होय. पोचेवर पैसे देण्याची सवलतही जुन्या गिऱ्हाइकापुरतीच ठेवावी. कारण नाकारलेल्या डब्याचे जाण्यायेण्याचे भाडे आपणांवरच पडते.

प्रत्येक परतीचे कारण ठरीव यादीतूनच निवडावयास लावावे: नासला, फुटला, उशीर, नाकारला, वजन कमी. महिनाअखेर ही यादी पाहिली म्हणजे दोष कोठे आहे ते कळते. तक्रारी एकाच घाण्याच्या असल्यास भट्टीकडे पाहावे. निरनिराळ्या घाण्यांच्या पण एकाच गावच्या असल्यास वाहतुकीकडे.

शेवटी एक सूचना. सणाच्या तोंडावर नवी प्रणाली सुरू करू नये. आधी पाच-सहा लटक्या मागण्या घालून पाहाव्या. एक रद्द करावी, एक उशिरा पोचवावी, एक परत घ्यावी, आणि शिल्लक, पैसे व भांडार तिन्ही जुळतात की नाही ते तपासावे. ती जुळली म्हणजे मगच खरे गिऱ्हाईक दारात घ्यावे.