तापीकाठचं लोकांचं कॉलेज

गुजराती कवी नर्मद अस्सल सुरती. 1833 साली तिथंच जन्मला, पण वरच्या शिक्षणासाठी त्याला मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटचा उंबरठा गाठावा लागला. त्याच्या थोडं आधी एक मराठी माणूस शिकवण्यासाठी मुंबईहून सुरतेला गेला होता: व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. सुरतेच्या इंग्रजी शाळेत ते शिक्षक होते. 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली आणि जातिभेद, मंत्रतंत्र यांवर चारचौघांत वाद सुरू झाले. पुढं मुंबईत निघालेल्या परमहंस सभेचं बीज मला या सुरती सभेत दिसतं. ते रुजवायला शाळामास्तर पुरेसे ठरले.

कॉलेजला मात्र आणखी 74 वर्षं लागली. तोवर मॅट्रिक झालेल्या मुलानं मुंबई, बडोदा किंवा अहमदाबाद गाठायचं. ज्याच्या घरी ऐपत नाही, ज्याचं परगावी कुणी नाही, त्याचं शिक्षण तिथंच खुंटायचं. मुलींचा तर प्रश्नच नव्हता.

1912 मध्ये सुरतेत सार्वजनिक एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. ‘सार्वजनिक’ हा शब्द आपल्या ओळखीचा. पुण्याची सार्वजनिक सभा 1870 ची, आणि खासगी संस्थेला कॉलेज चालवता येतं हे फर्ग्युसननं 1885 पासून दाखवून दिलेलं. 1918 मध्ये सोसायटीनं आर्ट्स कॉलेज सुरू केलं. देणगीदार मगनलाल ठाकोरदास बाळमुकुंददास यांचं नाव त्याला मिळालं, आणि आज अठवालाइन्सवर एवढं लांब नाव कुणी घेत नाही, ‘एम.टी.बी.’ म्हटलं की पुरतं. व्यापाऱ्यांच्या शहरानं स्वतःच्या पैशातून उभं केलेलं हे कॉलेज. 1935 मध्ये लॉ कॉलेज आलं, 1995 मध्ये अभियांत्रिकीचं.

अमेरिकेत इलिनॉयमधल्या जोलिएट गावानं 1901 मध्ये असंच घराजवळचं कॉलेज काढलं; तिथल्या कम्युनिटी कॉलेजांची परंपरा तिथून मोजतात. तिथला अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि संस्था सरकारी. सुरतेचं कॉलेज मुंबई विद्यापीठाच्या पदवीचं आणि देणग्यांचं. तरी दोन्हींचा हेतू एकच: घरच्या भाकरीवर राहून शिकता यावं.

पुढं सरकारही आलं. 1961 मध्ये सुरतेतल्या इच्छानाथला रीजनल इंजिनिअरिंग कॉलेज झालं, साठच्याच दशकात दक्षिण गुजरात विद्यापीठ. 2004 मध्ये त्या विद्यापीठाला वीर नर्मदचं नाव दिलं गेलं. शिकायला गाव सोडलेल्या कवीच्या नावाचं विद्यापीठ आज त्याच्याच गावात आहे, याचं मला फार समाधान वाटतं.

पण ‘घराजवळ’ म्हणजे कुणाच्या घराजवळ? जळगावहून येणारी तापी व्हॅली रेल्वे सुरतेच्या उधन्याला मिळते. त्याच वाटेनं आलेल्या खानदेशी माणसांनी उधना, लिंबायत, डिंडोली हे भाग भरून गेले आहेत. यंत्रमागावर बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या या घरांतली मुलं महापालिकेच्या मराठी शाळांत शिकतात. घरी अहिराणी, वर्गात मराठी, रस्त्यावर हिंदी-गुजराती. कॉलेजात पोचेपर्यंत भाषेची इतकी वळणं घ्यावी लागतात, की हुशार पोरही दमतं. फी माफ झाली तरी ही अडचण सुटत नाही.

सुरतेत मराठी मंडळं आहेत, गणेशोत्सवाला वर्गणीही भरपूर जमते. मंडळांनो, त्या वर्गणीतला एक वाटा बाजूला काढून दहावी-बारावीच्या मुलांसाठी गुजराती-इंग्रजीचे संध्याकाळचे वर्ग काढा. 1912 च्या सुरतकरांनी कॉलेज उभं केलं. तुम्ही निदान कॉलेजच्या दारापर्यंत तरी मुलांना पोचवा.