तलवार फोमची, थाट कोल्हापुरी!

फेब्रुवारी उजाडला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकच विषय. १९ तारखेला, शिवजयंतीला यंदा काय करायचं? पोवाडा ठरतो, छोटं नाटुकलं ठरतं, मावळे कोण आणि शाहिस्तेखान कोण हेही ठरतं. (अकाउंट्सवाल्यालाच खान करायचं यावर सगळ्यांचं एकमत!) फेटे मिळतात, दाढी-मिशा मिळतात. गाडी अडते ती तलवारीपाशी. पुठ्ठ्यावर चंदेरी कागद चिकटवला, तर ती दुसऱ्याच वाराला मान टाकते. आणि खरी? नकोच ते!

वाढदिवसाचा केक तलवारीने कापून थेट पोलीस ठाण्यात पोहोचलेल्या ‘बर्थडे बॉय’च्या बातम्या आपण वाचतोच. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत तलवारीचं नाव स्पष्ट लिहिलंय. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. छोटंसं स्टेज, चार हौशी मावळे, जेमतेम दोन तालमी, डोळ्यांवर लाइट आणि हातात किलोभर पोलाद. चूक व्हायला अर्धा सेकंद पुरतो. मर्दानी खेळात तलवार फिरवणारी कोल्हापूरची पोरं त्यासाठी वर्षानुवर्षं आखाड्यात घाम गाळतात. आपण फार तर एक्सेलमध्ये गाळतो.

यावरचा झक्कास उपाय म्हणजे फोमची तलवार. कापायची मात्र कात्रीने नाही, लेझरने!

खोट्याला खरं करणारं गाव

हा उद्योग कोल्हापूरला नवा नाही. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटर यांनी इथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२०च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने त्यावर कात्री चालवली. १९२३मध्ये त्यांनी ‘सिंहगड’ केला. पुढे भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओतून इतिहासपट दिले. या मंडळींचा फंडा साधा होता. प्रेक्षकाची नजर आकाराला आणि उजेडाला फसते. आकार चोख हवा, चमक योग्य जागी हवी. बाकी वस्तू कशाची आहे, हे कोण बघतंय?

चोख आकार हेच तर लेझरचं काम.

फोम म्हणजे नेमका कुठला?

इथे जरा ब्रेक लावा, कारण सगळी गोम इथेच आहे. दुकानात ‘फोम शीट’ मागितलं की तीन वेगळ्याच वस्तू हातात पडू शकतात.

पहिली ईव्हीए. स्लीपरचे मऊ सोल आणि लहान मुलांच्या खोलीतल्या जोडायच्या रंगीत मॅट बहुतेकदा याच्याच असतात. आपल्याला हवी ती हीच. लेझरखाली स्वच्छ कापली जाते, थोडा व्हिनेगरसारखा वास येतो, एवढंच.

दुसरी सनबोर्ड. प्रोजेक्टची मॉडेल्स आणि दुकानांच्या पाट्या यांचा लाडका. पण तो बहुतेकदा पीव्हीसीचा असतो, आणि पीव्हीसी लेझरखाली घालायचं नाही म्हणजे नाही! जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. ओलाव्यात मिसळला की त्याचं आम्ल होतं. मशीनच्या लेन्स आणि रेल गंजतात, आणि मशीन चालवणाऱ्याच्या फुप्फुसांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. जुनी योगा मॅट कापायचा विचार असेल तर तोही सोडा. त्यासुद्धा अनेकदा पीव्हीसीच्या असतात.

तिसरं थर्मोकोल. लेझरखाली ते वितळतं आणि पटकन पेट घेतं. बाद!

शंका वाटली तर शाळेतली ट्रिक वापरा. तांब्याची तार उघड्या हवेत तापवायची, तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली, तर त्यात क्लोरीन आहे. तो तुकडा बाजूला ठेवा.

चला, कापूया

लेझर म्हटल्यावर एमआयडीसीकडे गाडी वळवू नका. पत्रा कापतं ते फायबर लेझर. आपल्याला हवं कार्बन डायऑक्साइड लेझर, म्हणजे ॲक्रिलिकच्या नेमप्लेट आणि लाकडी की-चेन कापणाऱ्यांकडे असतं ते.

आधी कोरलड्रॉमध्ये आकार काढा. पातं साधारण ७५ सेंटिमीटर. वक्र तलवार हवी की सरळ पात्याची धोप, हे आधीच ठरवा. मूठ, बोटांवरून वळणारी परज आणि टोकाची गोल थाळी वेगळी काढा. पात्याचे तीन थर करा, प्रत्येकी ५ मिलिमीटरचे. मधला पूर्ण रुंदीचा, बाहेरचे दोन दोन्ही बाजूंनी ६-७ मिलिमीटर अरुंद. कारण लेझर सरळ खालीच कापतो, तिरकी धार त्याला जमत नाही. पायरीसारखे थर चिकटवून पॉलिश पेपरने घासले की धारेचा उतार तयार!

मधल्या थरात फायबरच्या बारीक काडीसाठी खाच ठेवा, नाहीतर तलवार पुन्हा मान टाकेल. काडी टोकाच्या ३ इंच आधीच थांबवा. भोसकलं गेलंच, तर फक्त फोमच लागेल.

आधी छोटा चौकोन कापून बघा. पॉवर जास्त झाली तर कडा काळी पडते. मशीनचा हवेचा झोत आणि एक्झॉस्ट चालू हवा, आणि कटिंग संपेपर्यंत मशीनसमोरून कुणी हलायचं नाही. चहासुद्धा नंतर!

रंगाचा रुबाब

जोडायला चपलेला लावतात तसलं रबर सोल्युशन. दोन्ही बाजूंना लावा, बोटाला किंचित चिकटेपर्यंत थांबा, मग एकदाच दाबा. एकदा बसलं की सरकत नाही, म्हणून नेम धरूनच!

पात्यावरची पन्हळ हवी असेल तर लेझरने कमी पॉवरवर नुसती रेघ मारून घ्या. हीट गन फिरवली की ती रेघ छान उघडते, शिवाय फोमची छिद्रंही बंद होतात. मग पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे तीन-चार हात, त्यावर काळा ॲक्रिलिक आणि शेवटी चंदेरी. काळा रंग कोपऱ्यांत थोडा राहू द्या. सगळंच चकाकलं तर ती तलवार कमी आणि लग्नातला ट्रे जास्त वाटते.

वजन पाव किलोच्या आसपास. शाहिस्तेखानाची बोटं तुटली असं तिसऱ्या रांगेला वाटलं पाहिजे, आणि सोमवारी त्याच बोटांनी अकाउंट्सवाल्याला तुमचा पगार काढता आला पाहिजे. रस्त्यावर मात्र ती मिरवू नका. लांबून पोलिसांनाही ती खरीच वाटेल!

आणि वाटली, तर समजा जमलंय. नाद खुळा!