आभासी बाजारपेठ : ऑनलाइन खेळांतील खेळाडूप्रणीत व्यापाराचे गुणदोष

प्रस्तावना

संगणकीय खेळांविषयी आपल्या महाविद्यालयीन वर्तुळात होणारी चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते : विद्यार्थ्यांचा किती वेळ त्यांत जातो आणि त्यांच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो. हे प्रश्न गैरलागू नाहीत. तथापि, हजारो खेळाडू एकाच वेळी ज्यांत वावरतात अशा ऑनलाइन खेळांमध्ये गेल्या पाव शतकात आणखी एक गोष्ट घडत आली आहे. तिच्याकडे अर्थशास्त्र, वाणिज्य आणि समाजशास्त्र या विषयांच्या अध्यापकांचे लक्ष जावयास हवे. या खेळांत खेळाडू परस्परांशी व्यापार करतात. कोणी खनिज काढून विकतो, कोणी शस्त्रे घडवितो, कोणी स्वस्तात घेऊन महाग विकतो. भाव चढतात, उतरतात. साठेबाजी होते, काळाबाजार चालतो. खेळाची निर्माती कंपनी या जगाचे सरकार असते. तिने आज कायदा बदलला तर त्याचे परिणाम काही आठवड्यांत दिसू लागतात. प्रत्यक्ष अर्थव्यवस्थेत असे प्रयोग करण्याची सोय नसते. येथे ते आयतेच झालेले आहेत.

खेळाडूंना असा व्यापार करण्याची मुभा असावी की नसावी, यावर खेळाडूंमध्ये व निर्मात्यांमध्ये जुना वाद आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. ज्या खेळात वस्तू हे साधन असते तेथे व्यापार खेळाला समृद्ध करतो. ज्या खेळात वस्तू मिळविण्याची कृती हाच खेळ असतो तेथे तोच व्यापार खेळ पोखरतो.

बोगद्यातील बाजार

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एव्हरक्वेस्ट या खेळात आरंभी बाजाराची कोणतीही व्यवस्था नव्हती. खेळाडूंनी ती स्वतः उभी केली. ईस्ट कॉमनलँड्स नावाच्या प्रदेशातील एका बोगद्यात विक्रेते जमत, आपला माल ओरडून सांगत आणि गिऱ्हाईक पुढे आले की घासाघीस सुरू होई. आठवडी बाजाराचेच हे रूप. तेथे तासन्‌तास उभे राहावे लागे. पण तेथेच ओळखी होत, कोण सचोटीचा आणि कोण लबाड हे कळे. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने ‘बझार’ हा स्वतंत्र प्रदेश दिला. तेथे विक्रेत्याने भाव लावून नुसते उभे राहिले की विक्री आपोआप होई. सोय झाली आणि बोगदा ओस पडला. सोयीच्या बदल्यात संवाद गेला, ही गोष्ट पुढे जवळजवळ प्रत्येक खेळात घडलेली दिसते.

त्याच वर्षी एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एव्हरक्वेस्टमधील नॉराथ या काल्पनिक जगाच्या अर्थव्यवस्थेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. खेळातील वस्तू व पात्रे लिलावाच्या संकेतस्थळांवर खऱ्या डॉलरांत विकली जात होती. त्या भावांवरून त्यांनी नॉराथचे दरडोई उत्पन्न सुमारे २,२६६ डॉलर, म्हणजे रशिया व बल्गेरिया यांच्या दरम्यान, असल्याचे अनुमान काढले. हा आकडा पुढे पुष्कळ गाजला. विकल्या गेलेल्या थोड्या वस्तूंवरून न विकलेल्या सर्वांचे मोल काढणे कितपत योग्य, ही शंका रास्तच आहे. परंतु खेळातील श्रमाला बाहेर किंमत येते, हे त्या निबंधाने निर्विवादपणे दाखविले.

पैसा कोठून येतो

पुढील विवेचनासाठी एक तांत्रिक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. या खेळांत बहुधा राक्षस मारला की नाणी मिळतात. ती कोणाच्या खिशातून येत नाहीत. त्या क्षणी नव्याने निर्माण होतात. म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या हाती एक टांकसाळ असते. निर्माते याला नळ आणि मोरी यांची उपमा देतात : नळातून जेवढा पैसा येतो तेवढा मोरीतून वाहून गेला नाही, तर चलनवाढ अटळ. दुरुस्तीखर्च, प्रवासभाडे, व्यापारावरील कर या मोऱ्या होत. दोन खेळाडूंमधील व्यापार मात्र नळही नव्हे आणि मोरीही नव्हे. त्यात पैसा केवळ हात बदलतो. व्यापारामुळे महागाई वाढते ही खेळाडूंची नेहमीची तक्रार या दृष्टीने अपुरी आहे. महागाई नळामुळे येते. व्यापार ती सर्वांना दाखवितो, आणि नळाखाली दिवसरात्र बसून राहणाऱ्याला त्याचे पाणी विकण्याची वाट मोकळी करून देतो.

अशा बसून राहणाऱ्यांचा एक धंदाच झाला. त्यांना ‘गोल्ड फार्मर’ म्हणतात. मॅन्चेस्टर विद्यापीठातील रिचर्ड हीक्स यांनी २००८ मध्ये स्थूल अंदाज मांडला की, जगभर सुमारे ४ लाख लोक खेळातील सोने जमवून विकण्याच्या या कामात आहेत, त्यांतील बहुसंख्य चीनमध्ये आहेत आणि त्यांची सरासरी मासिक कमाई १४५ डॉलरच्या आसपास आहे.

रुनस्केप : बंदीची किंमत

व्यापारावर बंदी घातली तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण रुनस्केप हे होय. इंग्लंडमधील केंब्रिज येथील जॅगेक्स या कंपनीचा हा खेळ २००१ पासून चालू आहे. २००७ पर्यंत सोने विकणाऱ्यांनी तो ग्रासला होता. चोरीच्या क्रेडिट कार्डांवर सदस्यत्वे घेतली जात, त्या खात्यांवर ‘बॉट’ म्हणजे मानवाविना खेळणारे प्रोग्रॅम चालविले जात आणि जमलेले सोने विकले जाई. कंपनीने यावर दोन उपाय योजले. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘ग्रँड एक्स्चेंज’ नावाची मध्यवर्ती पेढी उघडली; तेथे अनोळखी खेळाडूंचे खरेदी-विक्रीचे आदेश आपोआप जुळविले जात. त्यानंतर लवकरच असमतोल देवघेव बंद केली. दोन्ही बाजूंच्या मालाचे अधिकृत मोल जवळपास सारखे नसेल, तर व्यवहारच होत नसे.

सोने विकणाऱ्याला सोने गिऱ्हाइकाच्या हवाली करावे लागते, आणि ते हवाली करणे म्हणजे मोबदल्याविना दिलेले दान. तेव्हा दानच अशक्य केले की धंदा बसतो, हा तर्क बिनचूक होता आणि धंदा खरोखरच मंदावला. पण संगणकाच्या दृष्टीने सोने विकणारा आणि धाकट्या भावाला पहिली तलवार देणारा यांत फरक नसतो. मित्राला भेट देणे, नवख्याला मदत करणे, सगळेच एका फटक्यात बंद झाले. ‘वाइल्डरनेस’ या धोकादायक प्रदेशात हरलेल्याचा माल जिंकणाऱ्याला मिळे. तेही थांबविणे भाग पडले, कारण मुद्दाम हरून सोने पोहोचविता आले असते. असंख्य खेळाडूंनी याचा जाहीर निषेध केला.

वाणिज्याच्या अध्यापकाला याहून रोचक वाटेल ती भावनियंत्रणाची कथा. ग्रँड एक्स्चेंजमध्ये प्रत्येक वस्तूला अधिकृत भाव होता आणि त्याच्या ५ टक्के वर किंवा खाली एवढ्याच मर्यादेत बोली लावता येई. बहुतेक मालाला ते पुरेसे होते. पण २००१ च्या नाताळात वाटलेल्या आणि पुन्हा कधीही न काढलेल्या कागदी टोप्यांसारख्या दुर्मीळ वस्तूंचा खरा भाव अधिकृत भावाच्या कितीतरी पुढे निघून गेला. त्या भावाला कोणी विकेना. मग खेळाडूंनी तोड काढली. ज्यांचा अधिकृत भाव चढा पण प्रत्यक्षात ज्यांना कोणी विचारीत नाही अशा टाकाऊ वस्तू टोपीच्या बाजूला घालायच्या, म्हणजे कागदावर दोन्ही पारडी समान दिसत. खेळाडू याला भंगारव्यापारच म्हणत. मुंबईत भाडेनियंत्रणातून पागडी उगवली, तिचेच हे भावंड. पाठ्यपुस्तकातील कमाल भावाचे प्रकरण शिकविताना याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण.

जानेवारी २०११ मध्ये जॅगेक्सने खेळाडूंचे सार्वमत घेतले. १२ लाखांहून अधिक मते पडली आणि त्यांतील ९१ टक्के मुक्त व्यापाराच्या बाजूने होती. फेब्रुवारीत बंधने उठली. बॉटही परतले, इतके की ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीला लाखो खाती एका झपाट्यात बंद करावी लागली. हे ठाऊक असूनही, निदान अपेक्षित असूनही, खेळाडूंनी मोकळीक निवडली होती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

या प्रश्नाची दुसरी बाजू २०१७ च्या सुमारास दिसली. व्हेनेझुएलात बोलिव्हारची किंमत कोसळत असताना तेथील अनेकांनी रुनस्केपच्या ‘ओल्ड स्कूल’ या आवृत्तीत हिरवे ड्रॅगन मारून सोने विकण्यावर गुजराण केली. देशाच्या चलनापेक्षा खेळातील नाणे त्यांना भरवशाचे वाटले. काही खेळाडूंनी त्यांना हुडकून मारण्याच्या सूचना प्रसृत केल्या. नियमभंग करणारा आणि पोटासाठी राबणारा हे एकच होते. कंपनीच्या नियमावलीत दुसऱ्या ओळखीसाठी जागा नव्हती. ती असावी का, याचे सोपे उत्तर प्रस्तुत लेखकाजवळ नाही.

डायाब्लो ३ : सोयीची किंमत

बंदीने नुकसान होते, तर मग पूर्ण मोकळीक आणि उत्तम बाजार द्यावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने नेमके तेच केले. २००० साली आलेल्या तिच्या डायाब्लो २ या खेळात सोने इतके निरुपयोगी ठरले की ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ ही अंगठी चलन म्हणून फिरू लागली. शिवाय बाहेरच्या संकेतस्थळांवरील व्यवहारांत फसवणूक फार. मे २०१२ मध्ये डायाब्लो ३ प्रसिद्ध झाला तो खेळातच लिलावगृह घेऊन. आधी सोन्याचे आणि जूनपासून खऱ्या पैशांचेही. एका वस्तूला कमाल २५० डॉलर मागता येत, आणि उपकरणाच्या प्रत्येक विक्रीमागे कंपनी एक डॉलर घेई.

बाजार म्हणून ही व्यवस्था वाईट नव्हती. मे २०१३ मध्ये एका तांत्रिक चुकीतून प्रचंड प्रमाणात खोटे सोने निर्माण झाले आणि लिलावगृह काही काळ बंद ठेवावे लागले, एवढा अपवाद सोडला तर ती चालली. किंबहुना तिचे चालणे हाच घोटाळा होता. समजा, एखादी उत्कृष्ट तलवार एका खेळाडूला एका दिवसात सापडण्याची शक्यता हजारांत एक आहे. चार मित्रांच्या टोळीत ती वर्षातून एकदोनदाच दिसेल आणि दिसेल तेव्हा आनंदाला पारावार उरणार नाही. पण दहा लाख खेळाडूंना सापडलेल्या वस्तू एकाच यादीत आल्या, तर तशा हजार तलवारी रोज तेथे दिसतील. तलवार तीच, शक्यता तीच. मात्र माझ्या हाती जे लागले त्याची तुलना आता दहा लाखांतील सर्वोत्तमाशी होते. जमिनीवर पडलेली वस्तू उचलताना ‘ही मला चालेल का’ हा प्रश्न मागे पडून ‘हिचे किती येतील’ हा पुढे येतो. ‘इन्फर्नो’ या सर्वांत कठीण पातळीवर अडलेल्या खेळाडूला राक्षस मारीत बसण्यापेक्षा यादी चाळणे अधिक फलदायी होते. राक्षस मारून संपत्ती मिळविणे हाच तर डायाब्लो. तोच अनावश्यक ठरला.

खेळाचे माजी दिग्दर्शक जे विल्सन यांनी मार्च २०१३ मध्ये एका परिषदेत, लिलावगृहाने खेळाची हानी केल्याचे मोकळेपणाने मान्य केले. सप्टेंबरात कंपनीने ते बंद करण्याचे जाहीर केले आणि १८ मार्च २०१४ रोजी दोन्ही लिलावगृहे बंद झाली. नव्या नियमांनुसार बहुतेक चांगल्या वस्तू सापडणाऱ्याशीच बांधल्या गेल्या. त्या वेळी जे सोबत खेळत होते त्यांनाच त्या देता येत, त्याही दोन तासांच्या आत.

ईव्ह : नाशावर उभा बाजार

याच्या अगदी उलट उदाहरण आइसलँडच्या सीसीपी या कंपनीचे. तिच्या २००३ मधील ईव्ह ऑनलाइन या अंतराळ-खेळात बहुतेक सर्व जहाजे खेळाडूच बांधतात, आणि जहाज फुटले की ते कायमचे गेले. यामुळे मागणी कधी आटत नाही. बाजार प्रदेशनिहाय विभागलेला आहे. माल स्वस्त जागेहून महाग जागी न्यावा लागतो आणि वाटेत लुटारू असतात. त्यामुळे हुंडेकऱ्याच्या धंद्यालाही येथे अर्थ आहे. जिता नावाची तारकामाला मुख्य पेठ झाली ती व्यापाऱ्यांच्या सोयीने, कंपनीच्या हुकमाने नव्हे. २००७ मध्ये कंपनीने एयोल्फर गुडमुंडसन हे अर्थशास्त्रज्ञ नेमले; ते या जगाचे अर्थविषयक अहवाल प्रसिद्ध करीत.

जानेवारी २०१४ मध्ये बी-आर-फाइव्ह-आर-बी या तारकामालेत एका प्रदेशाचा हप्ता भरावयाचा राहिला आणि त्यातून सुमारे एक दिवस चाललेले युद्ध पेटले. त्यात ७५ ‘टायटन’ महानौका नष्ट झाल्या. एकूण नुकसानीचे मोल सुमारे ३ लाख डॉलर धरले गेले. डायाब्लोमध्ये तलवार हे बक्षीस आहे. येथे जहाज ही दारूगोळ्यासारखी खर्चण्याची वस्तू आहे. ते विकत घेतल्याने खेळ संपत नाही, तेथून तो सुरू होतो. अर्थात किंमत येथेही आहेच. खेळाडूंनी काढलेल्या बँका ठेवी घेऊन बुडाल्या, आणि खेळाच्या नियमांत अशी फसवणूक गुन्हा नाही. २००९ मध्ये ईबँकच्या प्रमुखाने ठेवीदारांचे सोने उचलले. ते खऱ्या पैशांत विकल्यावरच त्याच्यावर कारवाई झाली, फसवणुकीसाठी नव्हे. नवख्या खेळाडूला असे जग निष्ठुर वाटते आणि तसे ते आहेही.

त्यागणारे

रुनस्केपच्या ओल्ड स्कूल आवृत्तीत ग्रँड एक्स्चेंज आरंभी नव्हते. खेळाडूंच्या मतदानानंतर २०१५ मध्ये ते आले. डिसेंबर २०२१ पासून तेथील विक्रीवर कर लागला, आरंभी १ टक्का. जमा रकमेपैकी काही भागातून कंपनी बाजारातील वस्तू विकत घेऊन नष्ट करते, म्हणजे मोरी पैशाचीही आणि मालाचीही. व्यापार राखून त्याचे दुष्परिणाम आटोक्यात ठेवण्याचा हा समंजस मार्ग म्हणावा लागेल.

परंतु याच खेळात २०१४ पासून ‘आयर्नमॅन’ नावाचा प्रकारही आहे. तो निवडणारा खेळाडू व्यापाराचा पूर्ण त्याग करतो. जे लागेल ते स्वतः खोदायचे, शिजवायचे, घडवायचे. दोन मिनिटांत विकत मिळणाऱ्या वस्तूसाठी तो आठवडे घालवितो आणि ती निवड त्याने सर्व पर्याय समोर असताना केलेली असते. ऑक्टोबर २०२१ मध्ये याचा गटप्रकार आला : दोन ते पाच जणांनी एकत्र यायचे, बाहेरच्या कोणाशी व्यापार नाही, आपसांत मात्र हवे ते, हवे तेव्हा, हिशेबाविना द्यायचे. पूर्वी जी भेट कायद्याने बंद झाली होती, ती येथे पाच माणसांच्या उंबरठ्याआत परत आली आहे.